बागेतला कोरडा ओढा

आमचं घर वाईजवळ, बागेला मागून पुढे उतार. जोराचा पाऊस आला की गच्चीचं पाणी पन्हळीतून जमिनीवर आपटायचं आणि वाफ्यांतली माती घेऊन थेट फाटकाशी यायचं. सिमेंटचं गटार बांधा, असं घरात सगळ्यांचं मत. मला मात्र ओढा हवा होता: पावसात वाहणारा, एरवी नुसता दगडांचा.

ओढ्याची वाट कागदावर आखलीच नाही. भर पावसात छत्री घेऊन उभी राहिले आणि पाणी जिथून पळत होतं तिथे खुंट्या ठोकल्या. उघडीप मिळाल्यावर त्या खुणांवरून चुन्याची फक्की मारली. फक्त घराच्या बाजूने वाट दहा फूट लांब सरकवली. आमची जमीन काळी. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. घराच्या पायाजवळ तिला पाणी पाजणं बरं नव्हे.

उतार काढायला गवंडीमामांनी पारदर्शक नळी आणली. नळीत पाणी भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, दोन टोकं दोन खुंट्यांना धरायची. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला थांबतं. तिथे खूण करून खाली जमिनीपर्यंत मोजायचं. दर दहा फुटांना तीन इंच उतार निघाला, तेवढा पुरे. मध्ये फूटभर खोल खणलं, काठ तिरके ठेवले. उभे कापले की पहिल्याच पावसात ढासळतात. तळाला प्लॅस्टिक घाला, असं बरेच जण सुचवत होते. पण साचलेल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत डास तयार होतात. त्याऐवजी जिओटेक्स्टाईल, म्हणजे जमिनीत घालायचं जाड कृत्रिम कापड, अंथरलं. त्यातून पाणी झिरपतं आणि माती दगडांत चढत नाही.

खरी गंमत दगडांची. नदीतून गोटे उचलून आणणं सोपं वाटतं, पण ते गौण खनिज, परवानगीशिवाय हात लावता येत नाही. पाया खणताना निघालेलं डबर पडून होतं, ते खाली घातलं आणि वरचे गोटे विकत आणले. सगळ्यात जास्त पैसे त्यातच गेले.

"ताई, नुसते पसरून देतो, अर्ध्या दिवसाचं काम," मामा म्हणाले. मी म्हटलं, मोठे दगड एक तृतीयांश पुरून बसवा. "विकतचा दगड पुरायचा?" त्यांना ते काही केल्या पटेना. पण धोम धरणाच्या वरच्या अंगाला उन्हाळ्यात ओढे बघून ठेवले होते मी. तिथे एकही मोठा दगड मातीवर ठेवल्यासारखा दिसत नाही. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाण्याचा मार बसतो, तिथे मोठे दगड. आतल्या बाजूला बारीक खडी. तसंच केलं. पन्हळीखाली एक सपाट फरशी बसवली.

शेवटी फाटकाअलीकडे शोषखड्डा. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून मुरूम लागेपर्यंत खणून तो डबर आणि खडीने भरला. त्याच्याभोवती सोनटक्का, वळणांवर वाळा. वाळ्याची मुळं सरळ खोल जातात आणि काठ धरून ठेवतात.

काम संपत नाही, हेही सांगते. मे महिन्यात दगडांतला पालापाचोळा काढावाच लागतो, नाहीतर त्याचीच माती होऊन गाजरगवत उगवतं. उरलेल्या काठावर निर्गुडी लावायची की अडुळसा, यावर घरात अजून वाद चालू आहे.