पाणी पिवळं झालं नाही

जुलै २०१३. पावसाची झड लागली होती. सकाळी साडेसहाला दारात चार बायका उभ्या. एकीनं काचेच्या बरणीत नळाचं पाणी भरून आणलं होतं. "ताई, नुसता वास घ्या," म्हणाली. दिसायला पाणी नितळ होतं. झाकण काढलं आणि तोंड आपोआप मागं गेलं.

नगरसेविका होऊन मला सव्वा वर्ष झालं होतं. निम्म्या जागा महिलांना राखीव झाल्यावरची आमच्या शहरातली ती पहिली निवडणूक, फेब्रुवारी २०१२ ची. त्याआधी मी बचत गट चालवायचे. जागा महिलेसाठी राखीव निघाली आणि उमेदवारी माझ्याकडं आली. निवडून आल्यावर सहा महिने अधिकारी फोन यांनाच करायचे. एकदा एक अभियंता घरी आले आणि माझ्यासमोर बसून यांच्याशी रस्त्याबद्दल बोलू लागले. हे उठले. "नगरसेविका ही आहे, तिच्याशी बोला," म्हणाले आणि आत गेले. त्या दिवसानंतर फोन मला येऊ लागले.

बायकांबरोबर मी तशीच निघाले. वाटेत कळलं, गल्लीत सहा जणांना कावीळ झालीय. त्यातली एक सात महिन्यांची गरोदर. तिला आदल्या रात्री सरकारी दवाखान्यात हलवलं होतं.

पाणी साडेसातला बंद व्हायचं, त्यामुळे हातात तासभरही नव्हता. कनिष्ठ अभियंत्यांना फोन लावला. "प्रेशर व्यवस्थित आहे मॅडम, तक्रार नाही," हे उत्तर. मी म्हटलं, तक्रार माझ्या हातात बरणीत आहे, तुम्ही या. ते यायच्या आधी व्हॉल्व्हमन मामा आले, खांद्यावर ती लांब लोखंडी चावी घेऊन. त्यांच्याकडं क्लोरिन तपासायची ओटीची बाटली होती. छोट्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाण्यात जंतू मारायला टाकलेलं क्लोरिन शिल्लक असेल तर ते पिवळं होतं.

गल्लीच्या तोंडाशी पहिल्या नळावर पाणी छान पिवळं झालं. पाचव्या-सहाव्या घरापाशी रंग फिका पडला. नाल्याकडच्या शेवटच्या घरात मामांनी थेंब टाकले, नळी हलवली, उजेडाकडं धरली. पाणी होतं तसंच राहिलं. त्यांनी पुन्हा थेंब टाकले. काही नाही. आम्ही सगळे त्या बोटभर नळीकडं बघत उभे होतो आणि मागं त्याच नळाखाली एका पोरीची कळशी भरत होती. मी ती कळशी ओतून दिली.

"ताई, हितनं फुडं नळ गटारातनं गेल्यात," मामा खाली बघत म्हणाले. "म्या लई वेळा सांगितलंय."

फरशी उचलल्यावर दिसलं. उघड्या गटारात घराघरांच्या लोखंडी नळजोडांची जुडीच पडलेली, काळ्या पाण्यात बुडलेली. एक नळी सडून तिला बोटभर भोक पडलं होतं आणि कुणीतरी त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळून सुतळीनं बांधली होती. पाणी सुरू असताना आतला दाब गटाराला बाहेर ठेवतो. पुरवठा बंद झाला की नळी रिकामी होते आणि त्याच भोकातून गटार आत ओढून घेते. कुणी नळाला मोटर लावली असेल तर आणखी जोरात. दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटं जे पाणी येतं ते हे असतं. आणि पहिलं पाणी बायका प्यायला भरतात, कारण नंतर दाब राहत नाही.

टँकर, घरोघरी पाण्यात टाकायच्या औषधाच्या बाटल्या, तपासणी हे सगळं दिवसभरात झालं. संध्याकाळी आरोग्य विभागाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. पाण्यातून होणारी ही कावीळ गरोदर बाईच्या जिवावर उठते, हे मला तेव्हा कळलं. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली तिनं माझी झोप उडाली : कावीळ आज दिसते म्हणजे ते पाणी पोटात जाऊन दोन ते आठ आठवडे झालेले असतात.

म्हणजे मे-जून. जूनमध्ये याच गल्लीचा एक अर्ज माझ्याकडं आला होता. 'पाण्याला वास येतो.' मी त्यावर शेरा मारला, विभागाकडं पाठवला आणि विसरले. त्याच आठवड्यात चौकातल्या स्वागत कमानीचं चित्र पक्कं करण्यात मी दोन दिवस घातले होते.

ती बाई वाचली. बाळ गेलं.

कमानीसाठी अंदाजपत्रकात बारा लाखांची तरतूद होती. ते पैसे नळजोड गटाराबाहेर काढायला वळवायचे, म्हणजे वर्गीकरणाचा प्रस्ताव आला. स्थायी समितीचे सोळा सदस्य, मग सर्वसाधारण सभा. कमानीला आमच्या पक्षाच्या दिवंगत नेत्याचं नाव द्यायचं ठरलेलं, त्यामुळे आधी विरोध घरातूनच. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला समजावलं, "ताई, जमिनीखालच्या कामाला मतं नसतात. वर काहीतरी दिसलं पाहिजे." ते वाईट माणूस नव्हते, चार वेळा निवडून आले होते आणि स्वतःचा अनुभवच सांगत होते. सभा दोनदा तहकूब झाली. तिसऱ्या वेळी मी ती सडलेली नळी पिशवीत घालून सभागृहात नेली आणि महापौरांपुढं ठेवली. विषय मंजूर झाला.

त्यानंतर मी राज्यघटनेची बारावी अनुसूची वाचली. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं ती आली. अठरा विषय आहेत, पाणीपुरवठा पाचवा, सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता सहावा. नगरसेवक झाल्यावर हे कुणीतरी पहिल्या दिवशी हातात द्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आमच्या हातात हार देतात.

फेब्रुवारी २०१७ ची निवडणूक चार जणांच्या प्रभागाची होती. प्रभाग एवढा मोठा की पायी फिरून पुरा होईना, आणि लोक विचारायचे, तुमच्या चौघांतलं आमचं काम कोण बघणार? आमच्या पत्रकावर उद्यान, व्यायामशाळा, एलईडी दिवे असं बरंच होतं. माझ्या भागात मी वेगळा कागद वाटला. त्यावर फक्त अकरा गल्ल्यांची नावं होती, जिथले नळ अजून गटारातून जात होते, आणि पुढं वर्ष : ही गल्ली या वर्षी. सगळे म्हणाले, एवढं नेमकं लिहू नका, उद्या हाच कागद तोंडावर मारतील. मारावा, त्यासाठीच लिहिला होता. निवडून आले, पण मतं पहिल्यापेक्षा कमी पडली. ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं पूर्ण खोटं नव्हतं.

अकरांपैकी आठ गल्ल्या झाल्या. कोविडच्या दोन वर्षांत निधी गोठला, मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि महापालिकेत प्रशासक आले. माझ्या पत्राला किंमत उरली नाही, पण दारात बायका येतच राहिल्या. त्यांना काय सांगणार, की आता मी कुणी नाही? अर्ज लिहून द्यायचे, रिक्षा करून विभागात जायचे, बाकावर बसायचे.

मामा निवृत्त झाले, तेव्हा ओटीची एक बाटली मला देऊन गेले. ती केव्हाच संपली, त्यानंतर मी विकत आणते. राहिलेल्या तीन गल्ल्यांपैकी एकीत गेल्या महिन्यात पाणी पुन्हा पिवळं झालं नाही. पहिली दहा मिनिटं पाणी भरू नका, पिण्याचं उकळून घ्या, असं घरोघरी सांगून आले. एक म्हातारी म्हणाली, "सोडून दिलं तर बाई, मग भरायचं कधी? पाऊण तासच तर येतं."