गोव्यात पाणी फुकट, उजेड उधार

आमच्या सोलापूरच्या ग्रुपवर मी फोंड्याच्या फ्लॅटमधल्या कुंड्यांचे फोटो टाकले की हमखास एकच सल्ला येतो: पाणी घाल. ज्यांच्या गच्चीवरची तुळस मे महिन्यात दुपारपर्यंत माना टाकते, त्यांना दुसरं काय सुचणार? पण इथला हिशेबच उलटा. सोलापुरात वर्षभरात पडतो त्याहून जास्त पाऊस इथे एकट्या जुलैत कोसळतो. पाण्याची ददात नाही, ददात आहे ती उजेडाची आणि वाऱ्याची. 19 डिसेंबर 1961पर्यंत गोवा खरोखरच परदेश होता. झाडांपुरता आम्हा देशावरच्या लोकांना तो अजूनही आहे.

हा उद्योग सुरू झाला कोथिंबिरीपायी. गोव्यात येणारी बरीचशी भाजी बेळगावहून घाट उतरून येते. त्या वाटेवरच्या चोर्ला घाटात दरड कोसळली की जुडीचा भाव ऐकून माणूस निमूट बिनकोथिंबिरीची आमटी करतो. म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीत धणे, मेथी, पुदिना.

पावसाळ्यात खिडक्या बंद, हॉलभर दोऱ्या, दोऱ्यांवर कधीच न वाळणारे कपडे. त्या दमट हवेत पानांतून बाष्प फारसं उडत नाही, मुळं पाणी ओढत नाहीत आणि कुंडीतली माती दिवसेंदिवस ओलीच राहते. मुळांना हवा मिळेनाशी झाली की ती कुजतात. ओल्या मातीत बारीक काळी चिलटं अंडी घालतात, ती वेगळीच डोकेदुखी. आणि कोवळ्या रोपांना बुरशी धरली तर विचारूच नका: रात्री ताठ उभी असलेली मेथी सकाळी बुडाशी दोऱ्याने आवळल्यासारखी आकसून आडवी पडलेली असते.

शेजारच्या काकी रोज मराठी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात, आमच्याशी चोख मराठी बोलतात, पण झाडांचा विषय निघाला की थेट कोकणीवर येतात. माझ्या हातात तांब्या दिसला की, "बाय, उदक घालूं नाका गो, कुसतलें तें!" त्यांची परीक्षा सोपी आहे. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत खुपसायचं, ओल लागली तर तांब्या जागेवर ठेवायचा. पावसाळ्यात हे बोट बहुतेक वेळा ओलंच निघतं.

मातीचंही तेच. इथली जांभ्याची तांबडी माती दिसायला सुरेख, पण नुसतीच कुंडीत भरली तर पाण्याने घट्ट बसते. मी एक वाटा माती, एक वाटा कोकोपीट, एक वाटा चाळलेलं कंपोस्ट आणि मूठभर जाड वाळू घालते. कुंडीखालची बशी पावसाळाभर काढून ठेवलेली बरी, साचलेल्या पाण्यात डासच होतात.

पुदिना मात्र माझा लाडका. बाजारातल्या जुडीतली जाडसर काडी घ्यायची, पेराच्या अगदी खाली कात्रीने तिरकी कापायची, खालची पानं खुडायची आणि पेर बुडेल एवढ्याच पाण्यात ग्लासमध्ये उभी करायची. पाणी एक दिवसाआड बदलायचं. साधारण आठवड्याभरात त्या पेराशी पांढऱ्या मिशा फुटतात. त्या बोटभर झाल्या की काडी मातीत. कोथिंबिरीला असले लाड चालत नाहीत. तिचं मूळ सरळ खोल जातं, एका कुंडीतून दुसरीत हलवलेलं तिला खपत नाही, म्हणून जिथे वाढवायची तिथेच पेरायची.

राहिला उजेड. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख वाटते, पण खिडकीपासून हातभर आत आलं की झाडाच्या दृष्टीने संध्याकाळच. रोपं लांबुडकी होऊन काचेकडे झुकायला लागली की समजायचं, उपासमार चालू आहे. जांभळ्या महागड्या दिव्यांच्या नादी लागू नका. साधी पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या वर वीतभर टांगायची, बारा तासांचा टायमर लावायचा, झालं. वीज जाते तेव्हा रोपंही आमच्यासारखीच अंधारात बसतात. सोबत एक छोटा पंखा मंद फिरता ठेवला, तर बुरशीला निम्मी आडकाठी तिथेच होते.

खिडकीतल्या अर्ध्या उजेडात तक्रार न करता वाढतो तो पानओवा. फांदी मोडून खोचली की लागते, आणि पावसात त्याच्या भज्यांना तोड नाही. हळदीला मोठी कुंडी आणि बाल्कनीचा कठडा द्यावा लागतो. मेमध्ये गड्डा पुरला की नागपंचमीच्या सुमारास पातोळ्यांपुरती, म्हणजे हळदीच्या पानात वाफवायच्या गोड पदार्थापुरती, पानं मिळतात. खालच्या मजल्यावरचं ख्रिस्ती कुटुंब 15 ऑगस्टला त्यांच्या सणाच्या पातोळ्यांसाठी माझ्याकडूनच पानं नेतं आणि बशी कधी रिकामी परत येत नाही. तुळस मात्र मी घरात ठेवायच्या फंदात पडत नाही. तिला ऊन हवं. इथल्या अंगणांतली वृंदावनं बघितली की कळतं तिची जागा कुठली.

आता गणपतीला इकडे येणाऱ्यांसाठी एक काम. येताना चटणीसोबत यंदाचे गावठी धणे आणा, पावशेर पुरे. इथल्या दमट हवेत डब्यातलं बी लवकर मरतं, आणि दुकानातले जुने धणे कितीही रगडून, भिजवून पेरले तरी निम्मे उगवतच नाहीत. हवाबंद बरणीत भरा, पिशवीत नको.