स्टोन म्हणजे दगडच ना, सर?

'स्टोन' या इंग्रजी शब्दाबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जन्मभर इंग्रजी शिकवलं, त्यामुळे गल्लीतले सोनोग्राफीचे रिपोर्ट वाचायला माझ्याकडेच येतात. आणि प्रश्न ठरलेला: "सर, स्टोन म्हणजे दगडच ना? मग पोटात दगड कसा होईल?" परवा शेजारच्या काकू तर पडलेला खडाच कागदाच्या पुडीत घेऊन आल्या. ज्वारीच्या दाण्याहून लहान, तपकिरी, एका अंगाला काटेरी. एवढ्याशा ऐवजानं बाईला दोन रात्री लोळवलं होतं.

आपण मुतखडा म्हणतो, मुतदगड म्हणत नाही. इंग्रजीला एवढी निवड करायची गरज वाटली नाही. वाटेतला धोंडा स्टोन, अंगठीतला खडा स्टोन, आंब्याची कोय स्टोन आणि बोराची आठळीही स्टोनच.

शब्द जुना आहे. जुन्या इंग्रजीत 'स्टान', जर्मनमध्ये 'श्टाइन'. आइनस्टाइनच्या आडनावात बसलाय तोच. पण गंमत त्याच्याही मागे आहे. भाषाशास्त्रज्ञ त्याचं जे मूळ धरतात, त्याचा अर्थ दगड नाहीच. घट्ट होणं, आळणं असा आहे. संस्कृतातला 'स्त्यै' धातू त्याच कुळातला. 'स्त्यान' म्हणजे दाट झालेलं, गोठलेलं. थंडीत वाटीतलं तूप होतं ना, तसं. आपलं 'थिजणं'ही याच वाटेनं आलेलं दिसतं. आता काकूंचा खडा बघा. लघवीत पाणी कमी पडलं की क्षार विरघळलेले राहत नाहीत, त्यांचे कण धरतात, थरावर थर चढतो. म्हणजे मूळ अर्थाला सगळ्यात जवळचा स्टोन पोटातलाच!

मग रॉक? जागेवर पसरलेला कातळ तो रॉक, त्यातून निघून हाताशी आला तो स्टोन. हे आपलं ढोबळ; अमेरिकेतली पोरं बिनदिक्कत रॉक भिरकावतात. 'रॉक अँड रोल'मधला रॉक मात्र निराळा, तो झुलण्याचा.

इंग्लंडात माणसाचं वजन अजूनही स्टोनमध्ये सांगतात. एक स्टोन म्हणजे १४ पौंड, सुमारे ६.३५ किलो. पूर्वी तागडीत खरोखरच दगड टाकत, आणि लोकरीचा स्टोन वेगळा, मांसाचा वेगळा. आमच्या बाजारातही भाजीवाल्या मावशी अर्ध्या किलोला धोंडाच लावायच्या, त्यामुळे मला याचं नवल नाही. 'स्टोन-डेफ' म्हणजे दगडासारखा बहिरा. आपण त्याला ठार बहिरा म्हणतो. 'स्टोन्ड' आधी दारूनं झिंगलेल्याला म्हणत, गांजाच्या नशेचा अर्थ नंतर आला.

काकूंना मी लंडनच्या सॅम्युअल पीप्स या रोजनिशीकाराची हकिकत सांगितली. २६ मार्च १६५८ रोजी त्याच्या मूत्राशयातला खडा चिरून काढला, भूल नसताना. पठ्ठ्या वाचला. खड्यासाठी त्यानं खास पेटी करून घेतली, आणि त्या तारखेला दरवर्षी मित्रांना जेवण घालायचं ठरवलं.

"जेवणबिवण राहू दे," काकू पुडीची घडी घालत म्हणाल्या, "हा आधी डॉक्टरांना दाखवते."