जत्रेचं पत्रक

जत्रेला आठ दिवस राहिले होते. फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानचा सर्व्हर मी पणजीतून सांभाळतो. सकाळी साडेनऊला तिथल्या कार्यालयातल्या काकांचा फोन आला. "साइट उघडेना रे. मुंबईचे कुळावी, देवाच्या कुळातले भक्त, फोनावर फोन करतायत, भक्तनिवासात खोली कशी घ्यायची म्हणून."

लॉगिन व्हायलाच दोन मिनिटं गेली. दोन कोअरचं मशीन, म्हणजे एका वेळी दोन कामं झेलणारं, आणि लोड (चालू नि ताटकळलेली कामं) ४३! जिकडे बघावं तिकडे मेल पाठवणाऱ्या प्रोसेस.

"काका, सकाळी काही पाठवलंत?"

"जत्रेचं पत्रक, सगळ्यांना. चक्र फिरत राहिलं नि एरर आली. गेलं की नाही कळेना, म्हणून परत दाबलं. चारदा झालं असेल."

काकांची चूक नव्हतीच. त्या बटणामागचा कोड लिहिणाऱ्याने ११ हजार पत्त्यांवर सरळ लूप फिरवला होता, म्हणजे एकामागून एक पत्ता घेऊन मेल. दर पत्त्याला पीएचपीचं (साइट ज्या भाषेत लिहिलीय तिचं) मेल फंक्शन, म्हणजे दर वेळी नवी प्रोसेस. ब्राउझरला पानं देणारा वेब सर्व्हर, एनजिनएक्स, ६० सेकंद वाट बघतो आणि ५०४ ही 'उत्तर वेळेत आलं नाही'ची एरर दाखवून मोकळा होतो, मागे पीएचपी चालूच. काकांना एरर दिसत होती आणि आत चार लूप त्याच यादीवर पहिल्या नावापासून धावत होते. सुरुवातीच्या कितीतरी लोकांना तेच पत्रक चार-चारदा गेलं. याचं मला फार वाईट वाटलं. देवाघरचं बोलावणं आहे ते, जाहिरात नव्हे.

पीएचपी चालवणारी सेवा, पीएचपी-एफपीएम, रीस्टार्ट केली, लूप थांबले. मेल बाहेर पाठवणाऱ्या पोस्टफिक्सची अख्खी रांग होल्डवर टाकली. दहाच्या आत साइट उघडली. रांगेत जीमेलची ४२१ उत्तरं साचली होती. चारने सुरू होणारा कोड म्हणजे 'आत्ता नको, मागाहून या'; पाचने सुरू झाला तर कायमचा नकार, पत्ताच चुकीचा असेल तर तो यादीतून काढायचा.

लॉगमधून ज्यांना पत्रक पोचलं त्यांची नावं वगळली, रांग पुसली आणि दुपारभर बसून बटण नव्याने लिहिलं. आता ते काहीच पाठवत नाही, फक्त डेटाबेसच्या टेबलात 'बाकी' म्हणून नोंद करतं, एका पत्रकाला एक पत्ता एकदाच. क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारा प्रोग्राम, दर मिनिटाला ५० उचलतो आणि पाठवून झालं की 'गेलं' लिहितो. पूर्ण ११ हजारांनाही पावणेचार तास पुरतात. बाकीचा आकडा काकांना पानावरच दिसेल असं केलं.

संध्याकाळी काका घरी गेलेच नाहीत. फोनवर मला वाचून दाखवत होते, "सहा हजार दोनशे... थांब हां, सहा हजार दीडशे."