आमची वाटचाल : अणीदार शिरस्त्राणांची पारख

जर्मनीतील कासेल हे शहर पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रशियन सैन्याच्या अकराव्या कोअरचे मुख्य ठाणे होते, आणि जुनी लष्करी चामडी सामग्री या परिसरातील घरांतून अजूनही निघते. चेन्नईला चर्मतंत्रज्ञान शिकून मी इथे आलो आणि एका जर्मन धातुकारागिराबरोबर दुरुस्तीची छोटी पेढी काढली. सुरुवातीला खोगिरे, काडतुसांच्या पेट्या, प्रवासी बॅगा असेच काम येई. पिकेलहाउबे, म्हणजे डोक्यावर अणी असलेली ती प्रसिद्ध चामडी शिरस्त्राणे, आमच्याकडे आली ती व्हायझरची, म्हणजे पुढेमागे बाहेर आलेल्या झडपेची, शिवण उसवली म्हणून. पुढे पुढे लोक शिवणीपेक्षा ‘हे अस्सल आहे ना?’ एवढेच विचारू लागले आणि धंद्याने आपोआप वळण घेतले.

प्रशियाने हे शिरस्त्राण 1842 मध्ये स्वीकारले. पहिला नमुना बराच उंच होता. नंतर तो टप्प्याटप्प्याने बुटका होत गेला. तोफखान्याला अणीऐवजी गोळा मिळाला. 1897 मध्ये उजव्या बाजूला साम्राज्याची काळी-पांढरी-लाल चकती आली आणि त्या साम्राज्यातील प्रशियासारख्या घटक राज्याची चकती डावीकडे गेली. 1915 च्या नमुन्यात पितळेची जागा करड्या पोलादाने घेतली व अणी फिरवून काढता येऊ लागली. चामड्याच्या टंचाईमुळे नमद्याची आणि पत्र्याचीही शिरस्त्राणे निघाली. 1916 पासून पोलादी हेल्मेटने त्यांना आघाडीवरून हटवले. प्रत्येक बदलाने कवचात नवी भोके पाडली किंवा जुनी निकामी केली, म्हणून आम्ही पाहणीची सुरुवात पुढच्या बाजूला लावलेल्या राज्यचिन्हाच्या बिल्ल्यापासून न करता भोकांपासून करतो.

याचे कारण सरळ आहे. प्रशियन गरुडाचा साधा बिल्ला विपुल मिळतो, तर लहान राज्यांचे बिल्ले दुर्मीळ आणि महाग असतात. साहजिकच साध्या कवचावर महाग बिल्ला चढवण्याचा मोह होतो. एकदा एका ग्राहकाने हेसे या जर्मन प्रदेशाच्या सिंहाचा बिल्ला असलेले शिरस्त्राण आणले. मागच्या व्हायझरखाली कासेलच्या 83 व्या पायदळ रेजिमेंटचा शिक्का स्पष्ट होता. या रेजिमेंटच्या नावात हेसे असल्याने विकणाऱ्याला सिंह योग्यच वाटला असावा. परंतु कासेलचे हेसे 1866 मध्ये प्रशियाने गिळंकृत केले होते, त्यामुळे तिथल्या रेजिमेंटला गरुड होता. सिंह होता हेसेच्या दुसऱ्या भागाचा, डार्मश्टाटच्या ग्रँड डची या संस्थानाचा, म्हणजे 115 ते 118 आणि 168 या क्रमांकांच्या रेजिमेंटांचा. बिल्ला उतरवल्यावर खाली गरुडासाठी पाडलेली जुनी दोन भोके लाखेने बुजवलेली सापडली, आणि रोगणावर पसरलेल्या पंखांची फिकट छाया अजून दिसत होती. शिरस्त्राण अस्सल, बिल्लाही अस्सल. जोडी मात्र खोटी होती. निखळ बनावट वस्तूपेक्षा असे लग्न लावलेले नग ओळखणे कितीतरी अवघड असते.

बनावट बिल्ला पाठीमागून उघडा पडतो. ठशाखाली दाबून काढलेल्या पत्र्याच्या पाठीवर पुढच्या नक्षीचे खोलगट प्रतिबिंब असते. ओतीव नकलेची पाठ सपाट आणि खरबरीत असते. जुन्या चामड्यातील स्निग्धांश पितळेशी लागून हिरवा, मेणचट थर तयार होतो, आणि तो फटींतून साचलेला असतो, वरून थापलेला नसतो. अतिनील दिव्याखाली शिवणीचा दोरा निळसर पांढरा चमकला, तर त्या दोऱ्यात युद्धोत्तर काळातील उजळकारक रसायन आहे असे समजावे; मात्र तेवढ्यावरून शिरस्त्राण खोटे ठरत नाही, कारण शिवण नंतर घातलेली असू शकते. अधिकाऱ्यांच्या खाजगी खरेदीच्या शिरस्त्राणांवर रेजिमेंटचा शिक्का नसतोच, हेही ग्राहकांना वारंवार सांगावे लागते.

काही वर्षे आम्ही खरेदी-विक्रीही केली. पैसा बरा मिळाला, पण ज्याच्याकडून माल विकत घ्यायचा त्यालाच त्याची किंमत सांगायची, यात आमची कुचंबणा होऊ लागली. अखेर दोघांनी मिळून विक्री बंद केली. आता केवळ पारख आणि जतन एवढेच काम घेतो, आणि शुल्क वस्तूच्या किमतीवर न ठरवता लागलेल्या वेळेवर ठरवतो. पॉलिश लावून चकचकीत केलेले पितळ समोर आले की आजही जीव हळहळतो, कारण मूळ सोनेरी मुलामा एकदा घासला गेला की परत आणता येत नाही.

अलीकडे भारतात बनलेल्या प्रतिकृती मोठ्या संख्येने येतात. चित्रपटांसाठी आणि ऐतिहासिक लढायांची पुनर्मांडणी करणाऱ्या हौशी मंडळींसाठी त्या बनवणाऱ्या कारागिरांचा त्यात काही दोष नाही. दोष आहे तो नंतर त्यांना चहाच्या पाण्यात बुडवून आणि व्हायझरखाली खोटा शिक्का मारून जुने म्हणून विकणाऱ्यांचा. अशा नगाच्या अहवालात आम्ही ‘भारतीय बनावटीची आधुनिक प्रतिकृती’ असे स्पष्ट लिहितो, आणि ग्राहकाची परवानगी असल्यास अस्तराआड, सहज पुसता येणार नाही अशी खूणही करून देतो.