‘नो सिग्नल’ आणि केबलवरचा आळ

गेम कन्सोल जोडला, टीव्ही लावला आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी पाटी आली, की घरातल्या सगळ्यांचे एकमत होते: केबल खराब आहे, नवीन आणा. नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या घरी अशा तक्रारींसाठी मला बोलावण्याची पद्धत पडली असल्यामुळे हे एकमत मी पुष्कळदा ऐकले आहे, आणि ते बऱ्याचदा चुकीचे निघते. केबल खराब होत नाही असे मुळीच नाही. पण तिच्या बिघाडाची लक्षणे ठराविक असतात, आणि त्या लक्षणांत न बसणारा दोष केबल बदलून जात नाही. आमच्या सोलापुरात यंत्रमागावरचा अनुभवी कारागीर कापडातला दोष पाहूनच नेमके कुठे बिघडले ते सांगतो; पडद्याकडेही तसेच पाहायला हवे.

एचडीएमआय केबलमधून, म्हणजे कन्सोल आणि टीव्ही जोडणाऱ्या वायरीतून, चित्र आकड्यांच्या रूपात जाते. त्यामुळे केबल कमकुवत आहे म्हणून रंग फिके पडले किंवा कडा पुसट झाल्या, असे घडत नाही. तो अनुभव पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या पिनांच्या काळातला आहे आणि आपण तो उगाच नव्या केबलला चिकटवतो. एचडीएमआय केबल कमी पडू लागली की पडद्यावर, विशेषतः गडद भागात, पांढरे ठिपके चमचमू लागतात, मग अधूनमधून चित्र क्षणभर काळे होऊन परत येते आणि शेवटी काहीच दिसेनासे होते. काळा रंग राखाडी दिसत असेल किंवा अंधाऱ्या दृश्यातले तपशील गडप होत असतील, तर केबलकडे पाहूच नये. तेथे कन्सोल आणि टीव्ही यांची ‘आरजीबी रेंज’, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा पल्ला, जुळलेली नसते: एक ‘फुल’ पाठवत असतो आणि दुसरा ते ‘लिमिटेड’ समजून घेत असतो, किंवा याच्या उलट. दोन्हीकडे ‘ऑटोमॅटिक’ निवडले की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. दुकानात सोन्याच्या मुलाम्याची केबल दाखवून ‘चित्र एकदम क्लिअर येईल’ असे सांगितले जाते, त्यालाही अर्थ नाही. मुलाम्यामुळे पिनांना गंज चढत नाही, एवढाच त्याचा उपयोग आहे.

आणखी एक खोटी परीक्षा घरोघरी घेतली जाते. ‘हीच केबल सेट-टॉप बॉक्सला लावली तर व्यवस्थित चालते, म्हणजे केबल चांगली आहे, कन्सोलच बिघडला असणार.’ हा निष्कर्ष का टिकत नाही, हे आकड्यांवरून कळते. १०८० ओळींचे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवण्यासाठी साधारण ४.५ गिगाबिट प्रतिसेकंद एवढी वाट लागते. ४के चित्र त्याच वेगाने पाठवायचे तर ती जवळपास १८ पर्यंत जाते, आणि ४के चित्र १२० वेळा पाठवता यावे म्हणून २०१७ साली आलेल्या एचडीएमआय २.१ ने ही मर्यादा ४८ पर्यंत नेली. साधा सेट-टॉप बॉक्स पहिल्या आकड्याच्या पुढे जातच नाही. प्लेस्टेशन ५ मात्र ४के टीव्ही दिसताच मोठी मागणी करतो, आणि जुनी ‘हाय स्पीड’ केबल, जी १०.२ गिगाबिटच्या काळात बनवली गेली, तेथे धापा टाकू लागते. तेव्हा खरी परीक्षा उलट्या दिशेने घ्यावी. कन्सोलच्या ‘स्क्रीन अँड व्हिडिओ’ या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन १०८० वर आणावे. ठिपके आणि काळे झटके लगेच थांबले, तर केबल कमी क्षमतेची आहे किंवा तिची लांबी जास्त आहे. १०८० वरही त्रास तसाच राहिला, तर दोष दुसरीकडे शोधावा. प्लेस्टेशन ५ मध्ये ‘४के व्हिडिओ ट्रान्सफर रेट’ नावाची एक सोय आहे. ती ‘-१’ किंवा ‘-२’ वर ठेवली की केबलवरचा भार हलका होतो आणि नवीन केबल येईपर्यंत ४के चित्रावर खेळता येते.

ज्या वेळी ठिपके नसतात, झटके नसतात, नुसता काळा पडदा असतो, त्या वेळी प्रकरण बहुधा बोलणी फिसकटल्याचे असते. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी काही चित्र आणि आवाज वाहून नेतात, तर काहींचे काम केवळ दोन यंत्रांची ओळख करून देण्याचे असते. कन्सोल एका पिनेवर ५ व्होल्ट पाठवतो, टीव्ही दुसऱ्या पिनेवरून ‘मी आहे’ अशी खूण करतो, मग कन्सोल टीव्हीकडून त्याला कोणकोणती रिझोल्यूशन चालतात याची यादी वाचून घेतो आणि त्यानंतर एचडीसीपी या नक्कलविरोधी कुलपाची देवाणघेवाण होते. ही साखळी मध्येच तुटली, तर कन्सोल, टीव्ही आणि केबल तिन्ही धडधाकट असूनही पडद्यावर काही येत नाही. यावर उपाय साधा आहे, पण तो नीट केला जात नाही, कारण रिमोटने बंद केलेला टीव्ही खऱ्या अर्थाने बंद झालेला नसतो. कन्सोल मेनूमधून पूर्ण बंद करावा, दोन्ही यंत्रांची बोर्डावरची बटणे बंद करावीत, दोन-चार मिनिटे थांबावे, आधी टीव्ही लावून योग्य इनपुट निवडावे आणि मगच कन्सोल सुरू करावा.

याच ठिकाणी टीव्हीच्या पोर्टची गोष्टही आली. मागची सगळी भोके सारखी दिसली तरी ती सारखी नसतात. अनेक टीव्हींमध्ये एक किंवा दोनच पोर्ट १२० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला १२० चित्रे घेणारे असतात, आणि प्रत्येक पोर्टसाठी वेगळे सेटिंग असते: सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीमध्ये ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’, सोनीमध्ये ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’. हे बंद असेल तर टीव्ही आपली पूर्ण क्षमता कन्सोलला सांगतच नाही, आणि मुले ‘एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारे चित्र) येत नाही’ म्हणून केबलला शिव्या घालत बसतात. याउलट, ते चालू असताना केबल जुनी असेल, तर काळा पडदा येऊ शकतो.

मे महिन्यात पुण्या-मुंबईची भाचेमंडळी सुटीला सोलापुरात येतात, तेव्हा कन्सोल बरोबर आणतात. दुपारी बाहेर पडवत नाही असे ऊन असल्यामुळे त्यात त्यांचे काही चुकते असेही म्हणता येत नाही. तिकडच्या ४के टीव्हीवर वापरलेला कन्सोल इकडे आजोबांच्या जुन्या टीव्हीला जोडला की ‘मामा, काहीच दिसत नाही’ अशी हाक येते. अशा वेळी सेटिंग बदलायचे तर मेनू दिसायला हवा आणि मेनू दिसायचा तर सेटिंग बदलायला हवे, असा पेच पडतो. प्लेस्टेशन ४ आणि ५ मध्ये यासाठी ‘सेफ मोड’ आहे. कन्सोल पूर्ण बंद असताना पॉवरचे बटण दाबून धरावे. पहिली ‘बीप’ लगेच येते, दुसरी सुमारे ७ सेकंदांनी येते, आणि ती आल्यावर बोट काढावे. कंट्रोलर यूएसबी वायरीने जोडावाच लागतो, कारण येथे बिनतारी जोडणी चालत नाही. मग प्लेस्टेशन ४ मध्ये ‘चेंज रिझोल्यूशन’ आणि ५ मध्ये ‘चेंज व्हिडिओ आउटपुट’ हा पर्याय मिळतो. ५ मध्ये तेथेच एचडीसीपीची जुनी १.४ आवृत्ती निवडण्याचीही सोय आहे आणि ती काही जुन्या टीव्हींसाठी उपयोगी पडते. २००६ सालच्या प्लेस्टेशन ३ मध्ये, जे जुन्या मालात अजून हातोहात फिरताना दिसतात, हेच काम स्टँडबायमधून पॉवरचे बटण दुसऱ्या ‘बीप’पर्यंत दाबून धरल्याने होते.

आता ज्याबद्दल मला खरोखर तळमळीने लिहायचे आहे, तो विषय म्हणजे अर्थिंग. यांपैकी बहुतेक कन्सोलच्या पॉवर वायरीत अर्थिंगची तार नसते, आणि पुष्कळ टीव्हींचीही तीच स्थिती असते. त्यांच्या पॉवर सप्लायमध्ये विद्युत गोंगाट दाबण्यासाठी लहान कपॅसिटर बसवलेले असतात आणि त्यांतून २३० व्होल्टचा काही अंश बाहेरच्या धातूपर्यंत झिरपतो. म्हणूनच चालू कन्सोलला जोडलेल्या केबलच्या मोकळ्या टोकाच्या धातूला टेस्टर लावला तर तो मंद पेटतो, आणि अनवाणी पायांनी उभे राहून हात लावला तर बोटाला झिणझिण्या येतात. हा प्रवाह इतका अल्प असतो की माणसाला त्याची इजा होत नाही, पण एचडीएमआयच्या चिपला तो सोसतोच असे नाही. टीव्हीला खांबावरून आलेली केबलवाल्याची वायर जोडलेली असते, ती दूर कुठेतरी जमिनीला टेकलेली असते, आणि कन्सोल मात्र अधांतरी असतो. दोघांमधला हा फरक केबल खुपसण्याच्या क्षणी भरून निघतो. केबल सरळ बसली तर बाहेरचे धातूचे कवच आधी टेकते आणि फरक तेथेच निवळतो. टीव्हीच्या मागे हात घालून अंदाजाने, तिरपी खुपसली तर एखादी सिग्नलची पिन आधी टेकू शकते. ‘काल संध्याकाळपर्यंत चालत होता, आज केबल काढून परत लावली आणि गेला’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असते. म्हणून केबल काढताना आणि लावताना दोन्ही यंत्रे बोर्डावरून बंद असावीत, आणि शक्य असेल तर केबलवाल्याची वायरही आधी काढून ठेवावी. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण असते. त्याचा फायदा का घेऊ नये? जुन्या पेठांतल्या काही घरांत सॉकेट तीन पिनांचे दिसते, पण मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. ते इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घेणे कोणत्याही महागड्या केबलपेक्षा अधिक मोलाचे आहे. वळवाचा पाऊस कडकडाट करीत येतो त्या संध्याकाळी तर बटण बंद करूनही भागत नाही, कारण वीज खांबावरच्या वायरीतून सेट-टॉप बॉक्समध्ये, तेथून एचडीएमआयने टीव्हीत आणि टीव्हीतून कन्सोलमध्ये पोहोचू शकते. त्या वेळी वायरी उपसूनच ठेवाव्यात.

पोर्टची तपासणी मोबाइलच्या उजेडात करता येते. आतली पातळ पट्टी तुटली आहे का, एखादी पिन वाकली आहे का, हे नीट पाहावे. ज्या भागात यंत्रमाग चालतात, तेथे सुताची बारीक भुरी सगळीकडे जाऊन बसते आणि पोर्टमध्येही साचते; कन्सोल बंद असताना कोरड्या, मऊ ब्रशने ती काढावी, सुईने किंवा टाचणीने कधीही कोरू नये. भिंतीला चिकटवून टीव्ही बसवला असेल तर केबल मागे काटकोनात दुमडली जाते आणि तिचा सगळा ताण पोर्टच्या सोल्डरिंगच्या टाक्यांवर येतो. तेथे एल आकाराचा जोड वापरावा. केबलचे डोके हलवल्यावर चित्र येत-जात असेल तर बहुधा पोर्ट सैल झालेला असतो, आणि तो बदलणे हे गरम हवेच्या यंत्रावर हात बसलेल्या कारागिराचे काम आहे.

आवाज नाही पण चित्र आहे, अशी तक्रार असेल तर केबल जवळजवळ नेहमीच निर्दोष असते. कन्सोलचा ऑडिओ फॉरमॅट ‘पीसीएम’ करून पाहावा. निन्टेंडो स्विचच्या बाबतीत डॉकला, म्हणजे तो टीव्हीला जोडण्याच्या स्टँडला, त्याचाच अडॅप्टर लागतो, कारण टीव्हीवर चित्र देण्यासाठी त्याला १५ व्होल्ट हवे असतात आणि मोबाइलचा साधा चार्जर ते देत नाही.

जुना प्लेस्टेशन २ माळ्यावरून खाली काढणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की नव्या टीव्हीवर पिवळी पिन बहुधा हिरव्या भोकात लावावी लागते, कारण तेथे दोन कामे एकाच भोकावर असतात. चित्र कृष्णधवल आले तर इनपुट ‘कंपोनंट’ ऐवजी ‘एव्ही’ निवडावे. टीव्हीला ही भोकेच नसतील तर कन्व्हर्टर घ्यावा लागतो, पण त्याची दिशा पाहून घ्यावी. ‘एव्ही टू एचडीएमआय’ आणि ‘एचडीएमआय टू एव्ही’ या दोन डब्या दिसायला जुळ्या असतात, काम मात्र एकमेकींच्या उलट करतात, आणि दुकानदार घाईत कोणतीही हातात ठेवतो. शिवाय त्या डबीला यूएसबीमधून वीज द्यावी लागते.

एवढे सगळे करून केबलच दोषी ठरली, तर नवी केबल पेठेत किंवा ऑनलाइन घेताना खोक्यावर ‘४के’ किंवा ‘८के’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले पाहू नये, तर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ हे प्रमाणित लेबल शोधावे. त्यावरचा क्यूआर कोड एचडीएमआयच्या अधिकृत ॲपने तपासता येतो. लांबी गरजेपुरतीच, शक्यतो २ किंवा ३ मीटरच्या आत ठेवावी. दहा मीटरवरच्या प्रोजेक्टरपर्यंत न्यायचीच असेल तर ऑप्टिकल केबल घ्यावी, मात्र तिला दिशा असते: ‘सोर्स’ लिहिलेले टोक कन्सोलला आणि ‘डिस्प्ले’ लिहिलेले टोक पडद्याला. उलटी लावली तर पुन्हा ‘नो सिग्नल’च दिसेल. घराचे काम चालू असताना केबल भिंतीत थेट गाडू नये. तिचे डोके सहज सरकेल एवढ्या व्यासाची नळी टाकून तीतून न्यावी, म्हणजे पुढे केबल बदलताना भिंत फोडावी लागणार नाही.