स्लाइडवरचा ठिपका

सांगलीत लॅबमध्ये मला अकरा वर्षं झाली. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, मशीनच करतं. आम्ही नळी लावतो, आकडे छापतो. स्लाइड डोळ्यांनी बघायची ती मशीनने शंका काढली तरच.

त्या दिवशी शंका प्लेटलेट्सची होती, साडेसहा लाख. तासगावकडच्या एक ताई, वय 34, हिमोग्लोबिन 7.1. लिशमन स्टेनने पेशी रंगवल्या, तेलाचा थेंब टाकला, शंभरची लेन्स खाली घेतली. फिकट, बारक्या पेशी, मधूनमधून पेन्सिलीसारख्या लांबट. लोह कमी, झालं. स्लाइड काढणार तोच एका पेशीत गच्च जांभळा गोल ठिपका. आधी वाटलं, स्टेनचा कण. पण कण असता तर फोकस फिरवल्यावर वेगळ्या पातळीवर दिसला असता. हा पेशीबरोबरच धूसर झाला. पुढच्या फील्डमध्ये आणखी दोन. हॉवेल-जॉली बॉडी, पेशीत उरलेला केंद्रकाचा तुकडा! हा कचरा एरवी प्लीहा काढून टाकते.

प्लीहा काढलेली असेल म्हणून बाहेर जाऊन विचारलं, "ताई, पोटाचं काही ऑपरेशन?"

"सिझर तेवढं."

आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडमनी स्लाइड पाहिली आणि म्हणाल्या, "सिलिअ‍ॅक बघायला पाहिजे." मला पटेना. ना जुलाब, ना पोटदुखी. पण या आजारात गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग खराब होतो आणि लोह मुख्यतः तिथंच शोषलं जातं. काहींची प्लीहाही मंदावते. चार वर्षं ताईंनी लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, आणि घरचे, डॉक्टर सगळे म्हणत, "टाकून देत असशील." आपल्याकडे बाईचं रक्त कमी म्हटलं की चूक बाईचीच.

तपासण्या होईपर्यंत चपाती सोडू नका, असं मॅडमनी बजावलं. नाहीतर रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह येतो. टीटीजी, म्हणजे सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी, खूप वाढलेलं निघालं, मिरजेत दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढला, निदान पक्कं झालं. "माहेरी जतला भाकरीच असायची," ताई म्हणाल्या. "चपाती सणाला."

गहू बंद केल्यावर सहा महिन्यांत हिमोग्लोबिन 10.2 झालं आणि तिथंच अडकलं. ताई स्वयंपाकघरातल्या डब्या पिशवीत घालून घेऊन आल्या. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरांत गव्हाचं पीठ लिहिलेलं मीच वाचून दाखवलं.

त्या गेल्यावर जुनं रेकॉर्ड काढलं. तीन वर्षांत चार सीबीसी, हिमोग्लोबिन असं: 7.8, 8.0, 7.4, 7.6. प्लेटलेट्स दरवेळी मर्यादेच्या जेमतेम आत, म्हणून मशीन गप्प. चारही रिपोर्टच्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरं. स्लाइड एकाचीही केलेली नाही, त्यामुळे तो ठिपका तेव्हाही होता का, ते आता कळायचं नाही.